संस्थाप्रमुखांनो, आपल्या माणसांना पत्र लिहा

कुलगुरू, प्राचार्य, अधिष्ठाता, विभागप्रमुख, मुख्याध्यापक. पद कोणतेही असो, ज्यांच्या एका सहीने शेकडो माणसांचा दिनक्रम बदलतो त्यांच्यासाठी हा लेख आहे. एकट्या वर्धा जिल्ह्यातही अशा माणसांची संख्या मोठी आहे. वर्धेत महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय हे केंद्रीय विद्यापीठ आहे. सावंगीला दत्ता मेघे यांच्या नावाचे अभिमत विद्यापीठ आहे. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था आहे. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळीपर्यंत राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. या सगळ्या कार्यालयांतून रोज काही ना काही कागद निघतो : फी भरण्याची मुदत, परीक्षेचा फॉर्म, वसतिगृहाचा नियम, सुटी, शोकसभा.

परिपत्रके अशी भरपूर निघतात, पण प्रमुखाचे पत्र क्वचितच येते. वर्षभरात प्रमुखाचा आवाज ऐकू येतो तो स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात, नाहीतर कारवाईच्या आदेशात. मग खरी अडचण उभी राहते त्या दिवशी त्यांचा शब्द लोकांना परका वाटतो आणि व्हॉट्सअॅपवरचा निनावी मजकूर खरा वाटतो. संकटात लोकांनी आपले ऐकावे असे वाटत असेल, तर सगळे सुरळीत चालू असताना त्यांच्याशी बोलण्याची सवय ठेवावी लागते. हे कसे जमवायचे, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

येरवड्याहून जाणारी पत्रे

संस्थाप्रमुखाने आपल्या माणसांना कसे लिहावे, याचा उत्तम धडा महाराष्ट्राच्याच भूमीवर लिहिला गेला आहे. दांडीयात्रेनंतर मे 1930 मध्ये गांधीजींना अटक झाली आणि त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. साबरमतीचा सत्याग्रह आश्रम दूर राहिला. तिथल्या माणसांशी नाते टिकवायला त्यांच्या हाती पत्र हे एकच साधन होते. दर मंगळवारी, पहाटेच्या प्रार्थनेनंतर, ते आश्रमाच्या एकेका व्रतावर छोटेसे प्रवचन लिहून पाठवू लागले. 22 जुलै 1930 च्या पत्राचा विषय सत्य हा होता. पुढे अहिंसा, अस्वाद, अस्तेय, अपरिग्रह, अभय, अस्पृश्यता निवारण, शरीरश्रम, नम्रता असे विषय येत गेले. याच पत्रांचे पुढे ‘मंगल प्रभात’ हे पुस्तक झाले.

आजच्या कुलगुरूंनी या पत्रांतून निदान चार गोष्टी उचलाव्यात.

पहिली, नेम. पत्राचा वार ठरलेला होता. वाचणाऱ्याला वाट पाहता येत होती, म्हणून पत्र आले की काहीतरी बिनसले असेल अशी धास्ती नव्हती.

दुसरी, एका पत्रात एक विषय. सगळी व्रते एकाच पत्रात कोंबली असती तर एकही मनात ठसले नसते. आपल्याकडे एकाच परिपत्रकात शुल्कवाढ, वृक्षारोपण, ओळखपत्र आणि मोबाइलबंदी एकत्र येतात आणि वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त शुल्कवाढ राहते.

तिसरी, वाचणाऱ्याचे भान. याच काळात गांधीजी आश्रमातल्या मुलांना वेगळी पत्रे लिहीत होते. मोठ्यांना लिहिलेलेच मुलांनीही समजून घ्यावे, अशी त्यांची अपेक्षा नव्हती. आपल्या आवारात प्राध्यापक, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, संशोधक, शिक्षकेतर कर्मचारी, मेसमध्ये पोळ्या करणाऱ्या बाया आणि फाटकावरचा पहारेकरी असे सगळेच आहेत. प्रत्येक वेळी निरनिराळी पत्रे लिहिणे जमणार नाही, पण हे पत्र नेमके कोणासाठी आहे हे लिहायला बसण्याआधी ठरवता येते.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : आपल्या जागेची मर्यादा ओळखणे. तुरुंगातून राजकीय विषयावर लिहायला बंदी होती. स्वदेशी व्रतावर लिहायचे तर ती मर्यादा ओलांडल्याशिवाय विषयाला न्याय देता येणार नव्हता. म्हणून ते प्रकरण गांधीजींनी तुरुंगातून लिहिलेच नाही, ते बाहेर आल्यावर लिहिले. संस्थाप्रमुखालाही अशा मर्यादा असतात. चौकशी चालू असलेले प्रकरण, न्यायालयापुढचा वाद, एखाद्या विद्यार्थ्याचे खासगी आयुष्य यांवर लिहिण्याचा मोह टाळावा. लिहिलेच तर ‘चौकशी अमुक समितीकडे आहे, अहवाल येईपर्यंत मी मत देणार नाही’ एवढे स्वच्छ सांगावे.

साध्या सूचनेपासून सुरुवात करा

प्रमुखाच्या शब्दावरचा विश्वास भाषणांपेक्षा पाणी, वीज, परीक्षा यांसारख्या रोजच्या गोष्टींत कमावला जातो. आपल्याकडे सर्रास लावली जाते तशी एक सूचना पाहा :

‘सर्व संबंधितांस याद्वारे सूचित करण्यात येते की, अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव वसतिगृहातील पाणीपुरवठा पुढील आदेशापर्यंत अनियमित राहील. तरी सर्वांनी सहकार्य करावे.’

वर्ध्याच्या मे महिन्यात, पारा 45 अंशांवर असताना, ही सूचना वाचणाऱ्या मुलीला यातून काय कळले? पाणी नाही, एवढेच. ते तर तिला नळ उघडला तेव्हाच कळले होते. आता हीच गोष्ट अशी लिहून पाहा :

‘वसतिगृहाकडे येणारी मुख्य जलवाहिनी काल रात्री फुटली. दुरुस्तीला गुरुवार संध्याकाळपर्यंत वेळ लागेल. तोवर रोज सकाळी 6 आणि संध्याकाळी 6 वाजता टँकर येईल. प्रत्येक मजल्यावर पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन ठेवले आहेत. गुरुवारची प्रात्यक्षिक परीक्षा एक तास उशिरा सुरू होईल. काही अडचण असल्यास गृहपालांना भेटा, त्या रात्री 10 पर्यंत कार्यालयात आहेत. ऐन उन्हाळ्यात तुम्हाला हा त्रास होतो आहे, याची मला जाणीव आहे. कामाची स्थिती शुक्रवारी सकाळी मी पुन्हा कळवीन.’

दुसरा मजकूर लांब आहे, पण त्यातले एकही वाक्य फुकट गेलेले नाही. वाचणाऱ्याच्या मनातल्या पाच प्रश्नांना त्यात उत्तर आहे : काय झाले, कशामुळे झाले, मी काय करायचे, कोणाला विचारायचे आणि पुढचे कधी कळणार. कोणतेही पत्र सही करण्यापूर्वी या पाच प्रश्नांवर घासून पाहा. एकाचेही उत्तर नसेल तर पत्र परत पाठवा.

शब्दांकडेही लक्ष द्या. ‘सूचित करण्यात येते’, ‘निर्णय घेण्यात आला आहे’ अशा वाक्यांत करणारा माणूस दिसत नाही. निर्णय तुमचा असेल तर ‘मी ठरवले आहे’ म्हणा. व्यवस्थापन परिषदेचा किंवा विद्यापरिषदेचा असेल तर तिचे नाव आणि बैठकीची तारीख द्या. आणि ‘सहकार्य करावे’ या दोन शब्दांवर पत्र संपवू नका. कोणते सहकार्य हवे आहे ते सांगा.

निर्णयाचे पत्र : कारण आधी, शिक्षा नंतर

निर्णय कळवणारे पत्र सर्वांत जपून लिहायला हवे, कारण त्याचे परिणाम माणसांच्या आयुष्यावर होतात. इथे कायदाही आपल्याला दिशा दाखवतो. माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 च्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रशासकीय निर्णयांची कारणे त्या निर्णयाने बाधित होणाऱ्यांना सांगायची असतात. कोणी अर्ज करून विचारल्यावरच सांगायची असे नाही, आपणहून सांगायची. शासकीय आणि अनुदानित संस्थांच्या प्रमुखांनी हे कलम टेबलाच्या काचेखाली ठेवावे.

घाईच्या आदेशाची किंमत काय असते, हे वर्ध्याने जवळून पाहिले आहे. हिंदी विश्वविद्यालयात 9 ऑक्टोबर 2019 रोजी सहा विद्यार्थ्यांच्या निष्कासनाचा आदेश निघाला. विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असताना सामूहिक धरणे धरल्याचे कारण विद्यापीठाने दिले. पंतप्रधानांना पत्रे लिहिण्याचा कार्यक्रम घेतला म्हणूनच ही कारवाई झाली, असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. प्रकरण देशभर गाजले. चारच दिवसांनी, 13 ऑक्टोबरला, तांत्रिक त्रुटी आणि नैसर्गिक न्यायाचा हवाला देत विद्यापीठाने तो आदेश मागे घेतला. बरोबर कोण, चूक कोण हा वाद इथे उकरायचा नाही. प्रत्येक प्रमुखाने शिकावे असे त्यात एक आहे : जे चार दिवसांनी तपासले गेले, ते सहीच्या आधी तपासता येते.

म्हणून कारवाईच्या पत्रावर सही करण्यापूर्वी एवढे पाहा. ज्याच्यावर कारवाई होते आहे त्याचे म्हणणे लेखी घेतले का? कोणत्या नियमाच्या कोणत्या कलमाखाली कारवाई होते आहे, ते पत्रात आहे का? घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयीचे आपले मत यांची सरमिसळ तर झाली नाही ना? दाद कोणाकडे मागायची, ते लिहिले आहे का? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी तक्रार निवारण समिती असायला हवी आणि तिच्यावर लोकपाल हवा. या समितीचा आणि लोकपालांचा संपर्क अशा प्रत्येक पत्राच्या तळाशी छापा. शेवटी, शक्य असेल तर ते पत्र एक रात्र टेबलावर राहू द्या. सकाळी वाचताना त्यातला राग वेगळा दिसून येतो.

आणि आदेश मागे घ्यावाच लागला, तर तोही सरळ शब्दांत घ्या. ‘आधीचा आदेश रद्द केला आहे, कारण संबंधितांची बाजू ऐकली गेली नव्हती’ असे लिहिणाऱ्या प्रमुखाचा मान कमी होत नाही, उलट वाढतो.

अजून ठरलेले नसते तेव्हा

निर्णय हाती नसतो तेव्हा बहुतेक प्रमुख गप्प बसतात. 2020 चे वर्ष आठवा. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृहे रिकामी झाली, पुस्तके खोलीत राहिली आणि मुले गावी गेली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्यायच्या नाहीत, अशी राज्य शासनाची भूमिका होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलैला त्या सप्टेंबरअखेरपर्यंत घ्यायला सांगितले. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 28 ऑगस्टला निकाल आला : परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, मात्र राज्यांना तारीख पुढे ढकलण्याची मुभा मागता येईल. तोवर कारंजा घाडगे किंवा आष्टीच्या एखाद्या मुलाने अभ्यास करायचा की नोकरी शोधायची, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते.

कुलगुरूंच्या हातात निर्णय नव्हता, पण पत्र होते. अशा वेळी पत्राचे तीन भाग करा. पहिल्यात ‘हे ठरले आहे’, दुसऱ्यात ‘हे अजून ठरायचे आहे आणि ते अमुक ठरवणार आहेत’, तिसऱ्यात ‘पुढचे पत्र अमुक तारखेला’. त्या तारखेला सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी पत्र पाठवाच. ‘आजपर्यंत निर्णय झालेला नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा लिहीन’ एवढ्या दोन ओळींनीही गावाकडे बसलेल्या मुलाला आपल्याला कोणी विसरलेले नाही हे कळते. ही सवय साथीपुरती नाही. निकाल रखडतात, शिष्यवृत्ती अडकते, कंत्राटी कर्मचाऱ्यांचा पगार लांबतो, तेव्हाही हीच पद्धत उपयोगी पडते.

दुःखाच्या प्रसंगी

आवारात कोणाचा मृत्यू झाला, विशेषतः एखाद्या विद्यार्थ्याने आयुष्य संपवले, तर प्रमुखाने स्वतः आणि लवकर लिहायला हवे. तो मजकूर कार्यालयातल्या कोणावर सोपवू नका. आधी कुटुंबाशी बोला. नाव जाहीर करावे की नाही, हे त्यांना विचारा. मृत्यू कसा झाला याचे वर्णन करू नका आणि कारणाचा तर्क करू नका. ‘परीक्षेच्या ताणामुळे’ किंवा ‘वैयक्तिक कारणामुळे’ असे शब्द तपासाआधी लिहिणे त्या मुलावर आणि त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे. मृत्यूचे उदात्तीकरणही नको, कारण पत्र वाचणाऱ्यांत आणखी कोणी त्याच काठावर उभे असू शकते.

त्यानंतर मदतीचे सांगा : समुपदेशक कोणत्या खोलीत, किती वाजेपर्यंत आहेत, आज कोणते वर्ग बंद आहेत, परीक्षा द्यायची मनःस्थिती नसेल तर कोणाला भेटायचे. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक द्या, तो विनामूल्य आहे आणि चोवीस तास चालू असतो. आठवड्याने दुसरे पत्र लिहा. पहिल्या दिवशी सगळेच सोबत असतात, गरज खरी त्यानंतर असते.

पालकांना जाणारे पत्र

प्रमुखाने पालकांना लिहावे, असे एका बाबतीत नियमच सांगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार, शैक्षणिक वर्ष संपताना पहिले वर्ष पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना संस्थाप्रमुखाने पत्र पाठवायचे असते. रॅगिंगविरुद्धचा कायदा आणि शिक्षा सांगायची, आणि पुढच्या वर्षी आपल्या मुलाने नव्या मुलांना त्रास देऊ नये म्हणून त्याला समजावण्याची विनंती करायची. या नियमामागचा विचार फार चांगला आहे. यंदा ज्याने सोसले असेल, तोच पुढच्या वर्षी दुसऱ्याला छळण्याची शक्यता असते. ती साखळी घरातून तोडायची आहे.

हे पत्र छापील मजकुराखाली शिक्का मारून पाठवू नका. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे, हे सांगा. राष्ट्रीय मदत क्रमांक 1800-180-5522 द्या. आणि दोन ओळी स्वतःच्या लिहा. शेतात राबून मुलीला शिकवणाऱ्या बापाला प्राचार्यांचे पत्र येते, तेव्हा घरातले सगळे ते वाचतात. म्हणून ते त्यांना कळेल अशा भाषेत हवे.

नव्याने येणाऱ्यांशी कसे बोलावे, हे सेवाग्रामला पाहावे. डॉ. सुशीला नायर यांनी 1969 मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू केलेल्या तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयात नवे विद्यार्थी सुरुवातीचे काही दिवस गांधी आश्रमात राहतात. संस्था काय मानते, हे त्यांना तिथल्या राहणीतून कळते. प्रत्येक संस्थेला आश्रम उपलब्ध नाही, पण पत्रात जे सांगाल ते आवारात दिसायला हवे, हे सर्वांना लागू आहे. पाणी जपून वापरा असे लिहिणाऱ्या प्रमुखाच्या बंगल्यासमोरचे लॉन भर दुपारी भिजत असेल, तर पत्र लिहिलेच नाही तरी चालेल.

पत्र पोहोचले का?

लिहिले म्हणजे पोहोचले असे नाही. गांधीजी 1936 मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या गावी राहायला आले, त्याचे नाव शेगाव होते. बुलढाणा जिल्ह्यातले गजानन महाराजांचे शेगाव प्रसिद्ध, त्यामुळे गांधीजींचे टपाल तिकडे जाऊन घोटाळे होत. शेवटी 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले. पत्र हाती पडावे म्हणून एवढा खटाटोप झाला. आपण निदान थोडी काळजी घेऊ या.

भाषा कोणती, हे पहिले पाहा. हिंदी विश्वविद्यालयात देशभरातून विद्यार्थी येतात, पण मेस आणि सफाईची कामे करणारी माणसे आसपासच्या गावांतली मराठी माणसे असतात. सावंगी आणि सेवाग्रामलाही हेच चित्र. महत्त्वाचे पत्र मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून, एकाच वेळी जाऊ द्या. मराठी मजकूर दोन दिवसांनी आला, तर त्या माणसांना आपण दुय्यम ठरवले असाच अर्थ निघतो. ज्यांना वाचणे अवघड जाते त्यांना ते वाचून दाखवण्याचे काम पर्यवेक्षकावर सोपवा. लिहितानाच पत्र एकदा मोठ्याने वाचून पाहिले, तर जड वाक्ये आपोआप गळून पडतात.

खोट्या पत्रांचाही बंदोबस्त करा. परीक्षा पुढे ढकलल्याची बनावट परिपत्रके दरवर्षी मोबाइलवर फिरतात. म्हणून प्रत्येक पत्राला जावक क्रमांक, तारीख आणि सही हवी. ते एका ठरलेल्या ठिकाणी, संकेतस्थळावर आणि दर्शनी फलकावर, आधी लागायला हवे. व्हॉट्सअॅपवर ते नंतर जाऊ द्या. ‘जे तिथे नाही ते आमचे नाही’ हे वर्षाच्या पहिल्याच पत्रात सांगून टाका.

आणि उत्तराची वाट मोकळी ठेवा. उत्तर देता येत नाही ते पत्र कितीही गोड असले तरी हुकूमच ठरते. महिन्यातला एक ठरलेला तास, एक पेटी, एक ईमेल, जे जमेल ते ठेवा. पुढच्या पत्राची सुरुवात मागच्या पत्रावर आलेल्या प्रश्नांनी करा : काय विचारले गेले, त्यातले काय मान्य केले, काय जमणार नाही आणि का. नकार कारणासह आला की लोक तो पचवतात. न ऐकल्यासारखे केलेले मात्र ते विसरत नाहीत.

या सत्रापासून

सगळे एकदम करायला जाऊ नका. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी एका पानाचे, एकाच विषयावरचे पत्र स्वतःच्या नावाने पाठवा. पहिला विषय तुमच्या आवारात या घडीला लोक ज्याबद्दल सर्वांत जास्त बोलत असतील तोच घ्या, मग तो मेसचे जेवण असो, ग्रंथालयाची वेळ असो की रखडलेली शिष्यवृत्ती. मसुदा पाठवण्यापूर्वी एका पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला आणि एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याला वाचायला द्या आणि त्यांना काय समजले ते विचारा. त्यांना न समजलेले वाक्य बदला. सहा महिने हा नेम चुकवू नका. त्यानंतर एखाद्या कठीण दिवशी तुमच्या सहीचा कागद फलकावर लागेल, तेव्हा माणसे तो शेवटपर्यंत वाचतील आणि त्यावर विश्वास ठेवतील. संस्था चालवणाऱ्याला याहून मोठे बळ दुसरे नाही, आणि ते मिळवण्यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.